बियाला ठेवलाय

घरच्या भाजीला काय भाव मिळेल, असं परसबागवाल्याला विचारू नये. त्याला भाव नको असतो, भाव खायचा असतो. एका वांग्यावर जेवढं पाणी, शेणखत आणि घरच्यांची बोलणी खर्ची पडतात, तेवढ्यात येडशीच्या बाजारातून टोपलीभर वांगी येतात. पण टोपलीकडे बोट दाखवून ‘हे आमचं’ म्हणता येत नाही. शिवाय ‘हे आमचं’ म्हणायचं तर ऐकायलाही कुणीतरी लागतं. प्रदर्शनं भरतात ती यासाठीच.

इंग्रज या बाबतीत फार पुढे गेले. त्यांच्या खेड्यापाड्यांत भाज्यांच्या जत्राच भरतात. गाजर किती लांब, कांदा केवढा जड, हे टेप आणि काटा लावून बघतात. तिकडे आणि अमेरिकेत भोपळ्याचं वेड तर असं, की विक्रमी भोपळ्याचं वजन आता १२०० किलोंच्या वर गेलंय. असला भोपळा यंत्राने उचलावा लागतो. एवढा भोपळा आमच्याकडे आला असता तर त्याचे घारगे कुणी तळायचे, यावरून दोन जावा वेगळ्या निघाल्या असत्या.

साहेबाने हा शौक पुण्यातही रुजवून ठेवलाय. १८३० साली स्थापन झालेली ‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ दर जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास, एम्प्रेस गार्डनमध्ये प्रदर्शन भरवते. पुण्यातल्या पाहुण्यांनी एकदा आम्हा सगळ्यांना तिथे नेलं. गर्दी अर्थातच फुलांपुढे. गुलाबाशेजारी उभं राहून फोटो काढून घेणारे शेकड्यांनी होते, मिरचीशेजारी कुणी उभं राहिना. आमच्या आत्याबाई मात्र थेट भाज्यांपाशी गेल्या आणि तिथेच त्यांची पंचाईत झाली. भाजीला हात न लावता ती कळायची कशी? गवारीची शेंग मोडून बघावी, वांगं तळहातावर तोलावं, दुधीला नख लावावं, ही त्यांची रीत. इथे मध्ये दोरी. शेवटी त्यांनी दोरीच्या अलीकडूनच निकाल देऊन टाकला, “दिसायला बरंय. आत नुस्त्या बिया असतील.”

आमच्याकडच्या प्रदर्शनाला तिकीट नाही, मंडप नाही, दोरी तर नाहीच. तारीख पंचांगात छापून येते, मार्गशीर्षातली अमावस्या. कागदावर वेळ अमावस्या, तोंडात येळवस. लातूर-धाराशिवकडे त्या दिवसासाठी जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात आणि गावंच्या गावं शिवारात जाऊन बसतात. येडशीचा चौक एरवी सोलापूर-धुळे हायवे आणि बार्शी-लातूर रस्त्याच्या रहदारीने गजबजलेला. येळवशीला तिथे चहा करून द्यायला माणूस सापडत नाही. शेतात कडब्याची कोप उभी करायची, आत चुना लावलेले पाच पांडव मांडायचे, पूजा करायची, आंबील शिंपडायची. पुण्या-मुंबईला गेलेली लेकरं येतात, ज्यांना शेत नाही त्यांना आग्रहाने बोलावणं जातं. आणि पानं मांडायच्या आधी प्रत्येक पाहुण्याला शेत दाखवायचं.

ज्वारी, तूर, हरभरा दाखवायचं काम पुरुषांचं. त्यात विशेष काही नाही, पीक उभंच असतं, लांबून दिसतं. खरं प्रदर्शन बांधाकडेच्या त्या दोन सऱ्यांत, जिथे घरच्या बाईने घरापुरतं लावलेलं असतं. मिरची, वांगी, वाल, चुका, शेपू, एखादा दुधीचा वेल. इथे दाखवणाऱ्याने आधी स्वतःच्या मालाला नाव ठेवायचं असतं.

“अगं बाई, काय वांगी लागलीत ही!”

“कशाचं काय वैनी! दोन बिया फेकल्या हुत्या, आल्या आपोआप. पानी हाय कुठं?”

या आपोआप आलेल्या वांग्यांना बाईने दिवाळीपासून घागरीने पाणी घातलंय, हे मागे उभ्या नवऱ्याला माहीत असतं. तो तोंड उघडायला जातो, आणि मग मिटतो.

पाहुणीनेही सरळ वाखाणणी करायची नसते. “आमच्याकडं बी औंदा अशीच हायेत” म्हटलं, की समजावं बरोबरी मान्य झाली. “खत काय टाकलं?” असा प्रश्न आला तर दुसरा नंबर. आणि बोलणं बंद होऊन पाहुणी नुसतीच झाडापाशी वाकली, तर पहिला.

दोन सऱ्यांची ही ऐट भूकंपानंतर या भागात एकराएवढी झाली. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर इथे काम करू लागलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने पुढे बायकांना घरच्या जमिनीतला एक एकर मागून घ्यायला लावलं. त्यात भाजीपाला, डाळी, धान्य, आधी घरात खायचं आणि उरलं तर विकायचं. २०१६ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. दुष्काळात कमी पाण्यावर भाजी काढणं अवघड आहेच. पण घरच्या मालकाकडून एक एकर सोडवून घेणं हे मला त्याहून मोठं कसब वाटतं.

येडशीत परीक्षक आणखी एक आहेत, रामलिंगच्या घाटातली माकडं. १९९७ साली तिथे अभयारण्य झालं, जेमतेम २२ चौरस किलोमीटरचं. माकडांना त्याची हद्द कुणी सांगितलेली नाही. परड्यातला पेरू पाडाला लागला हे त्यांना आमच्या आधी कळतं. येतात, एक चावा घेतात, टाकून देतात, दुसरा घेतात. सगळे नमुने तपासल्याशिवाय निकाल नाही. सीताफळाची गंमत वेगळी. बालाघाटाच्या डोंगरात ते रानोमाळ येतं, म्हणून एवढं गोड फळ असूनही ‘मी लावलं’ म्हणायची सोय नाही. आमच्या दाजींना हे सहन होईना. त्यांनी परड्यात मुद्दाम एक लावलं, आळं केलं, कुंपण घातलं. आता डोंगरातलं फळ हातावर ठेवलं तरी ते म्हणतात, “गोडीए, पण आमच्यासारखी नाही.”

या सगळ्या स्पर्धेचा निकाल येळवशीला पातेल्यात लागतो. तुरीचे सोले, वाटाणा, वालाच्या शेंगा, हरभऱ्याचा पाला, मेथी, पातीचा कांदा, वर चिंच आणि बेसन, अशी भज्जी शिजते. बाजरीच्या उंड्याबरोबर ती खाताना कुणाची भाजी कुठली हे ओळखणं देवालाही जमायचं नाही. तरी प्रत्येक घास घेऊन कुणी ना कुणी म्हणतंच, “वाल आमचाच लागतोय बघ.”

ऊन कलल्यावर वानोळ्याच्या पिशव्या भरायला लागतात. दिल्याशिवाय पाहुण्याला सोडायचं नाही आणि पाहुण्याने नको नको म्हणत पिशवीचं तोंड उघडं धरायचं. मागच्या येळवशीला वहिनींनी असंच सगळं तोडून दिलं. फक्त कोपेजवळच्या वेलावर एक दुधी तेवढा राहिला, मांडीएवढा, पांढुरका पडलेला. आत्याबाईंनी वाकून नख लावलं, ते आत गेलं नाही.

“तेवढा न्हाई बरं,” वहिनी घाईने म्हणाल्या, “बियाला ठेवलाय मुद्दाम.”

“असं? मग वाळल्यावर मला बी चार बिया ठेव गं. जात चांगली दिसतीय.”

वहिनींनी पदर सारखा केला. तेवढ्यात भाऊ पुढे आले, दुधीवर हात फिरवत म्हणाले, “आयला, हा कवा लागला? पानाआड दिसलाच न्हाई की!”

“तुमी जावा, गाडी काढा,” वहिनी म्हणाल्या.