कमी बोलणारा मुकादम

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारच्या बाजारात बोलण्याला भाव येतो. कुणाची ऊसतोडीची टोळी भरली, कुणाचे कोयते ऐनवेळी दुसरीकडे वळले, कोणत्या कारखान्यानं किती उचल दिली याची चर्चा सिंदफणेच्या दोन्ही काठांना सारख्याच जोरात चालू असते. या सगळ्या गदारोळात टपरीच्या बाकावर अगदी टोकाला एक गृहस्थ बसलेला दिसतो. टोपी स्वच्छ, खिशात पेन, काखेत रेक्झिनची पिशवी, पिशवीत दोरीनं बांधलेली वही. चहा तो बशीतच पितो, कारण बशी तोंडाला असताना कुणी उत्तराची अपेक्षा करत नाही. “मुकादम, औंदा किती कोयते?” असं कुणी विचारलं की तो बोटं दाखवतो. “कारखाना कोणता?” असं विचारलं तर दक्षिणेकडे मान हलवतो, मग ते सांगली, कोल्हापूर की थेट कर्नाटक, ते ज्यानं त्यानं समजून घ्यावं. फोनवरचं त्याचं संभाषण तीन शब्दांत आटोपतं: “हां. बघू. ठेवतो.” नवख्या माणसाला वाटतं, हा कुणाचा तरी पाहुणा असावा. प्रत्यक्षात दहा-पंधरा जोडप्यांचा सहा महिन्यांचा संसार त्या पिशवीत असतो.

मुकादम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मिशा, आवाज आणि शिवी एवढ्या तीन गोष्टी येतात. तसा नमुना आहेच, आणि तो संख्येनंही कमी नाही. पण माझं म्हणणं असं की ऊसतोडीच्या धंद्यात अबोल मुकादम हा अपवाद म्हणून टिकून राहिलेला नाही. कामाची घडणच त्याच्या सोयीची आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मजुरी टनावर. पहाटेच्या अंधारात फडात उतरायचं, ऊस बुडख्याला तोडायचा, वाढं छाटायचं, मोळी बांधायची, आणि गाडी मध्यरात्री आली तर मध्यरात्री उठून भरायची. यातली एकही गोष्ट भाषणानं लवकर होत नाही. सोळा हंगाम पाहिलेल्या बाईला मोळी कशी बांधायची हे सांगू पाहणारा मुकादम वेळही घालवतो आणि अब्रूही. टोळीला त्याच्याकडून हवं असतं ते वेगळंच: फड कधी बदलणार, गाडी कधी लागणार, पाणी जवळ असलेल्या जागी तळ मिळणार का, आणि कारखान्याच्या चिटबॉयनं लिहिलेलं वजन वहीतल्या आकड्याशी जुळतंय का. ही सगळी कामं कान आणि डोळ्यांची आहेत. अबोल माणसाचे हे दोन्ही अवयव रिकामे असतात, कारण तिसऱ्याला त्यानं रजा दिलेली असते.

व्यवस्थापनशास्त्रानं हे फार उशिरा आणि फार खर्च करून शोधून काढलं. ॲडम ग्रँट, फ्रान्सेस्का जिनो आणि डेव्हिड हॉफमन या तिघांनी अमेरिकेतल्या एका पिझ्झा साखळीची ५७ दुकानं तपासली आणि २०११ मध्ये निष्कर्ष छापला: कामगार सांगकामे असतील तर बोलका व्यवस्थापक जास्त नफा काढतो, पण कामगार स्वतःहून हातपाय हलवणारे असतील तर त्याच बोलक्या माणसाच्या हाताखाली नफा घटतो आणि शांत माणूस पुढे जातो. यातल्या जिनोबाईंवर पुढे दुसऱ्या अभ्यासांतल्या आकड्यांवरून ठपका आला आणि हार्वर्डनं २०२५ मध्ये त्यांची कायमची नेमणूक काढून घेतली, म्हणून हा पुरावा मी निम्म्याच वजनानं धरतो. (वजनाचा काटा कसा मारतात हे बीड जिल्ह्याला कुणी शिकवायला नको.) उरलेल्या निम्म्यासाठी शेजारच्या नगर जिल्ह्याकडे पाहावं. संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दमध्ये जन्मलेल्या अजिंक्य रहाणेकडे डिसेंबर २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात भारताचा क्रिकेट संघ आला, तो ॲडलेडला ३६ धावांत गारद झालेला. मेलबर्नला रहाणे ११२ धावांवर रवींद्र जडेजाच्या हाकेवर धावबाद झाला. एखाद्या बोलक्या कर्णधारानं तिथं बॅट, हेल्मेट आणि जडेजाची वंशावळ असं सगळंच काढलं असतं. रहाणेनं जडेजाला थोपटलं आणि तो चालता झाला. १९ जानेवारी २०२१ ला ब्रिस्बेनमध्ये त्या निम्म्या नवख्या संघानं मालिका २-१ अशी जिंकली. तिथंही काम येणारी माणसंच होती. मध्ये न येणारा माणूस तेवढा हवा होता.

पण टोळी स्वयंप्रेरित असते, असं म्हणताना जीभ जराशी अडखळते. अंगावर उचल असली की प्रेरणा आपोआप येते. हंगामाआधी कारखान्याचा पैसा मुकादमामार्फत कोयत्यापर्यंत पोचतो, लग्नात किंवा दवाखान्यात खर्च होतो, आणि मग पाच-सहा महिने तो उसातून फेडायचा असतो. म्हणजे हा सगळा व्यवहारच दिलेल्या शब्दावर उभा आहे, आणि शब्द ज्याच्याकडे मुबलक असतात त्याचीच इथं पंचाईत होते. बोलका मुकादम आषाढात सांगतो, पाण्याचा फड देतो, जवळचा कारखाना देतो, पोरांना शाळा देतो, हंगाम संपला की आणखी वरून देतो. मार्गशीर्षात टोळी यातलं एकेक मागायला लागते. दोन मुकादमांची उचल घेऊन तिसऱ्याबरोबर जाणारे कोयतेही असतात, पण त्यांनाही पळायला कारण पुरवणारा बहुधा बोलकाच असतो. अबोल मुकादम आषाढात “बघू” म्हणालेला असतो. “बघू” मोडता येत नाही. उलट त्यानं फडाजवळ पाण्याचा टँकर एकदा आणून उभा केला तर टोळी पुढची दोन वर्षं त्याचं कौतुक सांगते, आणि त्याला स्वतःला काही सांगावं लागत नाही.

यावर अनुभवी माणसं म्हणतात, टोळीपुढं चालेल हो, पण कारखान्याच्या शेतकी ऑफिसात? तिथं ओरडल्याशिवाय गाडी लागत नाही. आक्षेप निम्मा खरा आहे. पण ओरडण्याचं मोठं काम मुकादमाकडे नसतंच. तोडणीचे दर राज्य पातळीवर साखर संघ आणि मजुरांच्या संघटना बसून ठरवतात. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ ठरली तीही तशीच. त्या बाजूनं बोलण्याची या जिल्ह्यानं फार पूर्वीपासून चोख सोय केली आहे. गोपीनाथ मुंडे यांचा आवाज माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असा होता, आणि सावरगाव घाटच्या दसरा मेळाव्यात बोलण्याचा वर्षभराचा कोटा अजूनही एका दिवसात पूर्ण होतो. राहिलं शेतकी ऑफिस. तिथं अबोल मुकादम एक साधी गोष्ट करतो: साहेबांच्या टेबलासमोर जाऊन बसतो. बोलत नाही, उठत नाही. ओरडणाऱ्याला साहेब ओरडून घालवू शकतो. बसलेल्याला काय करणार? चहा पाजतो, तोही संपतो, मग भिंतीवरचं कॅलेंडर दोघांचंही पाठ होतं, आणि दुपारपर्यंत गाडीचा नंबर निघतो.

दुसरा आक्षेप मात्र असा हसण्यावारी नेता येत नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारनं नेमलेल्या समितीपुढं आलं की बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या १३,००० हून अधिक बायकांची गर्भाशयं काढलेली आहेत. एक दिवस तळावर राहिलं तर खाडा पडतो, खाड्याचे पैसे कापले जातात, म्हणून दुखणं अंगावर काढायचं. मग कुणीतरी डॉक्टर पिशवीच काढा म्हणतो. इथं अबोल मुकादमाचा स्वभाव त्याच्या बाजूनं साक्ष देत नाही. त्यानं कधी कामाची सक्ती केली नसेल, पण “बरं नसलं तर बस” हे वाक्यही त्याच्या तोंडून निघालं नसेल, आणि समोरची बाई ते वाक्य ऐकल्याशिवाय बसणार नाही हे त्याला ठाऊक होतं. टोळीच्या मनातलं न विचारता कळतं ही त्याची ख्याती. तर मग हे कळलं नाही, की कळूनही वहीत खाडा लिहिणं सोपं वाटलं? तीच गोष्ट हिशेबाची. शांत माणूस प्रामाणिकच असतो हा समज शांत माणसांनीच पसरवला असावा, अर्थात न बोलता. ज्याची वही शिमग्याला मागणाऱ्या कोणत्याही कोयत्यापुढं उघडते त्याचा अबोलपणा मी गुण मानतो. ज्याची पिशवी त्या दिवशी घरी राहिलेली असते, त्याच्यापेक्षा शिव्या देत का होईना आकडे वाचून दाखवणारा मिशाळ परवडला. काही घरांत ही उणीव मुकादमाची बायको भरून काढते. तळावर कुणाला ताप आहे, कुणाचे दिवस भरत आलेत, कुणाच्या पोराला वस्तीवरच्या शाळेत बसवायचंय, हे ती रात्री भाकरी थापताना त्याला ऐकवते आणि सकाळी त्याच्या नावानं हुकूम सोडते: “मुकादम म्हणलेत, तू आज बस.” मुकादम असं काही म्हणालेला नसतो. पण नाकारायला बोलावं लागेल, म्हणून हुकूम कायम होतो.

आता हार्वेस्टर आला आहे, आणि त्याच्याशी बोलण्याचा प्रश्नच नाही, तेव्हा हा धंदा अबोलांनाच राहील असं वाटण्याचा संभव आहे. पण मधेच मुकादमाच्या बारावी झालेल्या पोरानं टोळीचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. त्यात सगळे बोलतात: सुप्रभात, देवांचे फोटो, कुणाची उचल किती, गाडी कधी. फक्त ज्याच्या नावानं ग्रुप आहे तो बोलत नाही. पोरगा वैतागून म्हणतो, “आबा, निदान अंगठा तरी दाबा.” आबा दाबत नाहीत. आणि टोळीचं काही अडत नाही. रात्री नऊच्या आत मेसेजवर निळ्या खुणा उमटल्या तर गाडी पहाटे येणार. उमटल्याच नाहीत तर मुकादम स्वतःच मोटारसायकलवर निघालेला आहे, तेव्हा भाकरी एक जास्त टाकायची.