पाच वरचे, तीन खालचे आणि भंडारा

मासिकातला हिशोब चोख होता. वर घालायचे पाच कपडे, खाली घालायचे तीन, सगळे एकमेकांवर जाणारे. म्हणजे पंधरा पेहराव आणि एकच छोटी बॅग. हिशोब मांडणाऱ्या बाईंना डिसेंबरात भंडारा जिल्ह्यात लग्नाला जायचं नव्हतं, एवढं उघड आहे. आमच्या हिने ते आठ कपडे पलंगावर मांडले. शेजारी लग्नाचा शालू. शालूशेजारी 'असू देत' या सदरातला ढीग. मराठी माणसाच्या बॅगेचं वजन हे सदरच ठरवतं.

मेहुणी लाखनीला दिलेली, तिच्या पुतणीचं लग्न. एवढं लांब जातोच आहोत, तर साकोलीकडून पिटेझरी गेटने नागझिऱ्यात सफारी. त्यात साडूभाऊंनी फोनवर बजावलं, "रात्री नाटक हाय जी, झाडीपट्टीचं. पाहिल्याबिगर जायचं नाई."

इथे मासिकाने हात टेकले. जंगलात भडक रंग नको. खाकी, हिरवट, मातकट हवं. लग्नात मातकट घालून गेलात तर बायका बाजूला घेऊन विचारतात, "घरी सगळं बरं आहे ना?" पहाटे उघड्या जिप्सीत दात वाजतात, आणि दुपारी तोच स्वेटर अंगावरून ओरबाडून काढावासा वाटतो. नाटक रात्री उशिरा सुरू होऊन उजाडेपर्यंत चालतं. तिथला पेहराव म्हणजे चादर. मी फक्त एक वस्तू सुचवली: व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा'. कशावरही जातं. वजनाचं कारण सांगून ते बाहेर काढलं गेलं आणि त्या जागी इस्त्री आली.

महाराष्ट्र एक्स्प्रेस कोल्हापूरहून निघून गोंदियाला जाते आणि वाटेत ओळखीचं एकही स्टेशन सोडत नाही. दुसऱ्या दिवशी भंडारा रोडला उतरेपर्यंत पंधराही पेहरावांना सारख्याच सुरकुत्या पडल्या होत्या. स्टेशन वरठीला, भंडारा शहर आणखी पुढे, लाखनी त्याहून पुढे.

मेहुणीने बॅग उघडली, शालू वर धरला, खाली ठेवला आणि म्हणाली, "ताई, उद्या आंधळगावला जाऊ."

आंधळगाव मोहाडी तालुक्यात. कोसा रेशमाचं गाव. तिथे एकाने माझ्या तळहातावर कोसा ठेवला: लहान अंड्याएवढा, सुपारीसारखा टणक, वर देठ. त्या देठाने तो फांदीला लटकलेला असतो. कोशाची अळी तुतीवर घरात पोसत नाहीत; ती रानात ऐन-अर्जुनाच्या झाडावर पाला खाते, आणि पाखरांनी तिला टिपू नये म्हणून माणसं राखणीला बसतात. माग मी बराच वेळ पाहिला. करवतकाठी साडीच्या काठावरचे करवतीचे दात विणतानाच येतात. दोन्ही काठांचे धोटे वेगळे, मधल्या अंगाचा वेगळा. अंग कोशाचं, काठ सुताचा. सूत आणि कोसा एकमेकांत अडकवताना एक धागा चुकला की दात पडतो, म्हणजे नको तिथे पडतो. विणकर मान वर न करता माझ्या प्रश्नांना उत्तरं देत होता. उत्तरं बहुतेक "हो जी" अशीच होती.

आणि रंग? न रंगवलेला कोसा मधाळ, खाकीकडे झुकणारा. हिने माझ्याकडे पाहिलं. मी पाकीट काढलं.

लग्नात ती साडी मिरवली. कुणीही घरची विचारपूस केली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच कोशाचा दुपट्टा डोक्याकानांवरून घट्ट बांधून ही जिप्सीत बसली. आमच्याच जिप्सीत मुंबईचे एक गृहस्थ होते. पट्टेरी वाघाचं चित्र छापलेलं जाकीट आणि लालभडक टोपी. गाईडने टोपी काढायला लावली, जाकिटाकडे पाहून विचारात पडला आणि मग हिच्याकडे वळून म्हणाला, "हे बेस हाय ताई. ऐनाच्या झाडात उभ्या राहिल्या तं दिसाच्या नाई." ऐनावरचाच माल तो, दिसणार कसा? वाघ दिसला नाही. त्याचेही कपडे सोयीचे असावेत.

रात्री नाटकाला साडूभाऊ लग्नातलाच कोशाचा कुर्ता घालून आले. वर माकडटोपी आणि घरातली सगळ्यात जाड चादर. मंडपात तोच थाट. गठुडी नुसती, मधूनमधून डोळे. आमच्या पंधरा पेहरावांतले नऊ मी एकावर एक घातले होते आणि तरीही कुडकुडत होतो. तिसऱ्या अंकात नायिका झुळझुळीत, बिनबाह्यांच्या पोशाखात नाचायला आली. मंडप शिट्ट्यांनी दणाणला. साडूभाऊंनी चादरीतून तोंड बाहेर काढलं, नीट पाहिलं आणि माझ्या कानाशी आले.

"पोरीला थंडी वाजत असंल ना जी?"