आधी ताळेबंद दाखवा

चंद्रपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातली मुलगी असो की गोंडवाना विद्यापीठातून पदवी घेतलेला आरमोरीचा मुलगा, स्टार्ट-अपचं ऑफर लेटर आलं की घरात दोनच प्रश्न होतात. पगार किती? रुजू कधी व्हायचं? तिसरा प्रश्न राहून जातो : ही कंपनी पुढच्या वर्षी असेल का?

पुण्यातल्या मुलाची कंपनी बुडाली तर तो आईवडिलांच्या घरी राहून दुसरी नोकरी शोधतो. भामरागडचा मुलगा हजारेक किलोमीटर लांब गेलेला असतो. खोलीची अनामत भरलेली असते आणि त्यासाठी घरच्यांनी अनेकदा उसनवारी केलेली असते. दोन महिने पगार थकला की त्याला परतीची गाडी धरावी लागते. म्हणजे चौकशीची सर्वांत जास्त गरज आपल्या मुलांना आहे, आणि मुलाखतीत प्रश्न विचारायला सर्वांत जास्त कचरतातही तीच. विचारलं तर नोकरी जाईल, ही भीती. पण साधा प्रश्न विचारला म्हणून जी कंपनी ऑफर मागे घेते, ती पगार थकल्यावर तुमचं काय ऐकून घेणार?

बरीचशी माहिती तर कोणालाही न विचारता मिळते. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाका. स्थापना कधी झाली, संचालक कोण, शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेचा, हे फुकट दिसतं. थोडं शुल्क भरलं की ताळेबंदही वाचता येतो. प्रायव्हेट लिमिटेड म्हणवणारी कंपनी तिथे सापडतच नसेल, तर पुढचं काही बघायची गरज नाही.

मग भविष्य निर्वाह निधीच्या संकेतस्थळावर जा. २० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पीएफचा कायदा लागू होतो. कोणत्या महिन्याचे पैसे कधी भरले आणि किती जणांचे भरले, हे तिथे आस्थापनेच्या नावावर बघता येतं. मुलाखतीत ‘आमची दीडशेची टीम आहे’ असं सांगितलं आणि पीएफ चाळीस जणांचाच भरला जातोय, तर उरलेले कोण, ते विचारा. भरणा महिनोन्‌महिने उशिरा होत असेल तर पगाराचंही तसंच होण्याचा धोका आहे.

मोठं नाव बघून ही तपासणी टाळू नका. बायजूजचं २०२२ मधलं मूल्यांकन २२ अब्ज डॉलर होतं. पण मार्च २०२१ मध्ये संपलेल्या वर्षाचे हिशेब कंपनीने जाहीर केले ते सप्टेंबर २०२२ मध्ये, आणि त्यात साडेचार हजार कोटींहून जास्त तोटा निघाला. जून २०२३ मध्ये लेखापरीक्षक डेलॉइट बाजूला झाली. जुलै २०२४ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या कारवाईपर्यंत गेलं. मधल्या काळात हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, राहिलेल्यांचे पगार लांबले. हिशेब वेळेवर आलेले नाहीत, ही पहिली खूण सगळ्यांसमोर होती. मूल्यांकन म्हणजे गुंतवणूकदाराने धरलेला अंदाज. पगार त्यातून होत नाही, बँकेतल्या पैशातून होतो.

म्हणून मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ असं म्हणतात, तेव्हा मान हलवून उठू नका. विचारा : आजच्या खर्चाने हातातला पैसा किती महिने पुरेल? पैसे देणारे ग्राहक कोण? गेल्या सहा महिन्यांत पगार किती तारखेला झाले? माझ्या जागेवर आधी कोण होतं आणि ते का गेलं? शक्य झालं तर सोडून गेलेल्या एखाद्याशी फोनवर बोला.

पगाराऐवजी शेअर देऊ म्हणत असतील तर आणखी सावध व्हा. ईसॉप म्हणजे पुढे ठरल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क. साधारणपणे पहिलं वर्ष पूर्ण होण्याआधी नोकरी सोडली तर त्यातलं काहीच मिळत नाही. शेअर घेताना जो फायदा दिसतो, त्यावर कर लागतो, मग ते विकले गेलेले असोत वा नसोत. घरभाडं आणि घरी पाठवायचे पैसे भागतील एवढा रोख पगार आधी पदरात पाडा. आणि नोकरीसाठी डिपॉझिट मागणाऱ्याला किंवा मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणाऱ्याला सरळ नकार द्या.

स्टार्ट-अपला जाऊ नका, असं मी म्हणत नाही. पोलीस भरती आणि एमपीएससीच्या रांगेत वर्षं घालवण्यापेक्षा छोट्या कंपनीत दोन वर्षांत चार कामं शिकलेली मुलगी पुढे कुठेही उभी राहते. जोखीम घ्यावी, पण समजून.

हे आपल्याकडे नवीन नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावात निर्णयाआधी अभ्यासगट बसतो, आणि निर्णय होतो तो सर्वांच्या सहमतीने. त्याच अभ्यासाच्या जोरावर २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाने सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ पासून आपला बांबू स्वतः विकायला सुरुवात केली. समोर वनखातं असो की व्यापारी, गावाने कागद मागितले, वाचले आणि मगच होकार दिला. गावाला जे जमतं ते गावच्या पोरांनाही जमलं पाहिजे.

पण सगळा भार बावीस वर्षांच्या पोरांवर टाकणंही बरोबर नाही. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या प्रत्येक महाविद्यालयाच्या प्लेसमेंट सेलने एक नियम करावा : कंपनीचा नोंदणी क्रमांक, शेवटचा ताळेबंद आणि गेल्या सहा महिन्यांचा पीएफ भरणा सूचनाफलकावर लागल्याशिवाय कॅम्पसमध्ये मुलाखती नाहीत. एका कंपनीसाठी हे काम तासाभराचं आहे. कंपनी मुलांकडून दहावीपासूनच्या गुणपत्रिका मागते, तेव्हा तिच्याकडून एवढं मागायला प्राचार्यांनी संकोच करू नये. येत्या प्लेसमेंटच्या हंगामापासूनच हे सुरू व्हावं.