धरले, पण नवे नव्हते

पितळी भांडे लेथवर चढवून कातताना ते निसटू नये म्हणून केलेली पकड हा ‘शोध’ आहे का? बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यातला हा प्रश्न. या पकडीचे पेटंट लागू झाले डिसेंबर १९५१ पासून, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला डिसेंबर १९७८ मध्ये. भांडे निसटू नये एवढ्यासाठी सत्तावीस वर्षे! तोवर कित्येक लोटे घासून पातळ झाले असतील.

युक्ती अशी: भांड्याची एक बाजू लेथच्या फिरत्या भागावर, म्हणजे हेडस्टॉकवर, दुसऱ्या बाजूने समोरच्या टेलस्टॉकच्या टोकाचा रेटा. लेथ जुनाच, रेटाही जुनाच. नवा होता तो अर्ज. जुन्या साधनाचा किंचित वेगळा वापर म्हणजे निव्वळ कारखान्यातली सुधारणा, असे म्हणत न्यायालयाने पेटंट मोडीत काढले. रोज लेथवर काम करणाऱ्याला सहज सुचेल, तो शोध नव्हे.

जबलपूरच्या सदर भागात एखाद्या खटपट्याने आज अशी पकड बनवली आणि वाद झाला, तर उच्च न्यायालय गावातच आहे. पेटंटचा अर्ज मात्र मुंबईच्या कार्यालयाकडे जातो.