बोट लागण्यापूर्वी

मराठीत बोट दोन प्रकारे लागते. एक धक्क्याला आणि एक प्रवाशाला. दुसरी घटना बहुधा पहिलीच्या आधी घडते, आणि जलप्रवासाची पूर्वतयारी म्हणजे हा क्रम बदलण्याचा प्रयत्न होय. गेटवे ऑफ इंडिया ते मांडवा या मार्गावर हा प्रयत्न साधारण तासभर चालू ठेवावा लागतो. मुंबईकर कुटुंबाची तयारी मात्र बोट एडनमार्गे विलायतेला निघाल्यासारखी असते.

तयारीची सुरुवात बॅगेपासून न करता भिंतीवरच्या कॅलेंडरपासून करावी. जून ते ऑगस्ट या काळात मांडव्याच्या लाकडी लाँच बंद असतात. तेव्हा प्रश्न मिटतो. उरलेल्या महिन्यांत भरती-ओहोटी पाहावी लागते आणि त्यासाठी किनाऱ्यावरचा जुना हिशेब पुरतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते आणि भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते. उधाणाला पाणी जितके चढते तितकेच ते उतरतेही, म्हणून अशा दिवशी मोरा बंदराच्या धक्क्याशी पाण्याऐवजी चिखल उरतो आणि लाँचला थांबावे लागते. संकष्टीला चाराची पाऊणपट तीन. त्या दिवशी भरती तीनला येते आणि चंद्र रात्री नऊच्या सुमारास, त्यामुळे उपाशी प्रवाशाचे लक्ष समुद्रापेक्षा आकाशाकडे अधिक असते. ज्या पानावर संकष्टी आणि दुधाचा हिशेब पाहिला जातो त्याच पानावर समुद्राचे वेळापत्रकही छापलेले असते. घरात ते कोणी पाहत नाही, कारण समुद्र महिनाअखेरीस पैसे मागायला येत नाही.

ओहोटीचा संबंध थेट पादत्राणांशी येतो. पाणी उतरले की धक्क्याच्या एरवी बुडालेल्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांवर शेवाळ असते. मागे पट्टा असलेली, तळ न घसरणारी चप्पल येथे उत्तम. नव्या कोल्हापुरी चपलेचे कौतुक अलिबागला पोचल्यावर करून घ्यावे. चढताना खलाशी प्रवाशाचा दंड धरून त्याला आत ओढून घेतो. ही क्रिया एका सेकंदात उरकते आणि तीत मानापमानाला जागा नसते. तिच्यासाठी प्रवाशाचा एक हात मोकळा असणे आवश्यक आहे. सामानाचा सगळा नियम एवढाच.

हा नियम पाळला गेल्याचे उदाहरण क्वचितच आढळते. कोकणच्या आगबोटींच्या काळात बहुतेक बंदरांत बोट लांब पाण्यात उभी राही आणि प्रवासी पडावातून तिच्याकडे जात. त्यांच्याबरोबर ट्रंक, वळकटी आणि फिरकीचा तांब्या असे. आजच्या प्रवाशाकडे चाकांची बॅग असते. चाकांची बॅग ही पृथ्वी सपाट असल्याच्या समजुतीवर आधारलेली असल्यामुळे धक्क्याच्या पायऱ्यांवर तिची चाके आभाळाकडे होतात आणि बॅग डोक्यावर जाते. ट्रंकही तिथेच जात असे.

आहाराबाबत दोन चुका संभवतात, काहीच न खाणे आणि सगळेच खाणे. निघण्याच्या तासभर आधी एखादी कोरडी पोळी किंवा केळे खावे आणि खिशात आलेपाकाची वडी ठेवावी. प्रत्यक्षात ताज हॉटेल नजरेआड होण्यापूर्वीच पुरी-भाजीचा डबा उघडतो. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले कुरव लाँचच्या मागे लागतात आणि प्रवासी त्यांना वेफर आणि गाठ्या भरवतात. कुरवांचे अन्न मासे. हे पदार्थ त्यांना मानवत नाहीत. प्रवाशालाही ते मानवत नाहीत, पण त्याला ते पुढच्या दहा मिनिटांत कळते.

बोट का लागते याचे शास्त्र सोपे आहे. आतल्या कानात तोल सांभाळणारे इंद्रिय असते. लाँच डोलू लागली की ते मेंदूला तसे कळवते. त्याच वेळी मोबाइलमध्ये खुपसलेले डोळे सर्व काही स्थिर असल्याची ग्वाही देतात. कान आणि डोळे यांच्या या भांडणात ज्याचा काही संबंध नाही ते पोट रिकामे होते. या दुखण्यात मोठ्यांची सोबत आहे, कारण ब्रिटिश आरमाराच्या नेल्सनलाही आयुष्यभर बोट लागत असे.

उपाय भांडण मिटवण्याचा. मोबाइल ठेवून द्यावा आणि दूरच्या, न हलणाऱ्या वस्तूकडे पाहावे. स्वच्छ हवेत पूर्वेकडे दिसणारा कर्नाळ्याचा सुळका या कामी फार गुणी आहे. नाळेवर हेलकावा सर्वांत जास्त आणि मधोमध सर्वांत कमी असतो. उंच जावे तसा तो वाढतो. काही लाँचवर वरच्या मजल्यासाठी जादा पैसे घेतात आणि लोक ते आनंदाने देतात. त्यांना तेथे मोकळा वारा आणि विस्तृत क्षितिज मिळते, हेलकावा त्याच पैशांत. खाली, मध्यभागी, उघड्या कडेला आणि डिझेलच्या धुरापासून लांब असलेली जागा सर्वोत्तम. अशी जागा प्रत्येक लाँचवर असते आणि तेथे कोणीतरी आधीच बसलेले असते.

गोळी घ्यायची तर अर्धा ते एक तास आधी, डॉक्टरला विचारून. तिने गुंगी येते. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी काम करण्याआधीच परत येते. शेवटचा उपाय कठड्याशी जाण्याचा. तेव्हा वारा पाठीवर घ्यावा. हा धडा एका प्रवासात पाठ होतो, शेजाऱ्यांचाही.

जीवरक्षक जाकीट अंगात घालून त्याचे बंद बांधायचे असतात. ते उशी किंवा आसन नव्हे, आणि त्यावर कोणी बसले असेल तर त्याला उठवण्यात संकोच नसावा.

मांडवा दिसताच सगळे प्रवासी उठून उतरण्याच्या बाजूला येतात, लाँच त्या बाजूला कलते आणि तांडेल ओरडतो. घाईला कारण आहे. अनेक तिकिटांत अलिबागपर्यंतची बस धरलेली असते आणि बसला खिडक्या मोजक्याच असतात. तरीही लाँच बांधली जाईपर्यंत बसून राहावे आणि त्या वेळात परतीची शेवटची बोट कितीला आहे ते विचारून घ्यावे. ती चुकली तर पेण-वडखळमार्गे सुमारे शंभर किलोमीटर रस्ता आहे. त्या रस्त्याला तिथी, भरती, शेवाळ, काही पाहावे लागत नाही. फक्त आलेपाक जवळ ठेवावा, कारण तिथे गाडी लागते.