माजी विक्रमवीरास अनावृत पत्र

श्रीयुत मे १९१८ यांसी,

कोपरापासून नमस्कार, वि. वि.

एकशेसात वर्षे आपण कुलाबा वेधशाळेच्या दप्तरात मांडी ठोकून बसला होता. मे महिन्यातला सर्वाधिक पाऊस, २७९.४ मिलिमीटर. दरम्यान साहेब गेला, ट्राम गेली, गिरण्याही गेल्या. आपण हलला नाहीत. २०२५ च्या मे महिन्याने मात्र महिनाअखेरीची वाटही न पाहता, २६ तारखेलाच २९५ चा आकडा लावून आपल्याला उठवले. त्याच दिवशी मोसमी पाऊसही मुंबईत दाखल झाला. त्याची रीतसर तारीख ११ जून. सर्वांत लवकर येण्याचा जुना मान २९ मेचा. तोही १९५६, १९६२ आणि १९७१ यांनी वाटून घेतलेला. म्हणजे एका दिवसात चौघे माजी झाले. आपल्याला सोबत आहे.

पालिकेची अडचणही समजून घ्या. नालेसफाईची मुदत ३१ मे असते. मुदतीआधी आलेले पाणी तुंबवणे नियमात बसत नसावे. तरी नागरिकांच्या सोयीसाठी तेही करण्यात आले. वरळीचे भुयारी मेट्रो स्थानक उघडून जेमतेम पंधरवडा झाला होता, तिथे प्रवाशांआधी पाणीच जिने उतरून गेले. स्थानकाला नाव आचार्य अत्र्यांचे. ते असते तर हा विक्रम एकशेसात वर्षांवर थांबला नसता, थेट दहा हजार वर्षांवर गेला असता.

आता एक खासगीतले. आपला विक्रम मुंबईचा म्हणतात, पण तो कुलाब्याचा. २६ मेच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत कुलाब्यात १३५.४ मिलिमीटर पडला, सांताक्रूझला ३३.५. २६ जुलै २००५ ला नेमके उलटे: सांताक्रूझला ९४४ आणि कुलाब्यात सत्तरच्या आसपास. तेव्हा कुलाब्याच्या भरवशावर बसलेल्या माणसाला शहर बुडाल्याचे कळलेही नसते.

आणि आपले नाव निघाले की लोक आकडा सांगतात, पुढचे कोणी काढत नाही. मे महिन्यात आपण धो धो बरसलात आणि मागाहून मोसमाने देशभर दगा दिला. शतकातल्या भीषण अवर्षणांपैकी ते एक. त्यात इन्फ्लुएंझाची साथ. (तिच्यात आपला हात नव्हता, मान्य.) आपल्या वारसाच्या मोसमाचीही खोड तीच. घाईघाईने आला, मेअखेरीस थबकला आणि जूनच्या मध्यापर्यंत जागचा हलेना. पेरणीची घाई करू नका, असे शेतकऱ्यांना सांगत फिरायची पाळी आली. पुढे सप्टेंबरात त्याने मराठवाड्यातली उभी पिके बुडवली, तो हिशेब वेगळाच.

तेव्हा खुर्ची गेल्याचे फार मनाला लावून घेऊ नका. शेजारी थोडी जागा मात्र ठेवा. नवा विक्रमवीरही तिथेच येणार आहे, आणि बहुधा त्याला एकशेसात वर्षे लागणार नाहीत.

कळावे,
छत्री अजून माळ्यावरच असलेला
एक मुंबईकर

ता. क. नालेसफाईची मुदत पुढल्या वर्षीही ३१ मेच राहील, असा अंदाज आहे. वेधशाळेचा नव्हे, माझा.