बुश काढावा, पण गॅस लावू नये

कडेगावात दारापुढे जुनी पद्मिनी मोटार उभी असणे हा मानाचा भाग झाला. विटा-कराड रस्त्याला ती मागून कुईं-खट्ट बोलू लागली, की मान संपतो आणि मागच्या पाट्याचा बुश सुरू होतो. तो काढण्याचा विधी जिज्ञासूंसाठी खाली देत आहोत.

पहिला नियम ताबुतांच्या या गावाला शिकवावा लागत नाही. मोहरमचे इथले उंच ताबूत आधी कळस, मग पाया, अशा उलट क्रमाने बांधतात. बुशाचंही तेच. आधी नवा बुश हातात घ्यावा, मग जुन्याला हात लावावा. पद्मिनीचा कुर्ल्यातला कारखाना केव्हाच थंडावला. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनीही २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. ‘मिळंल की कराडात’ या भरवशावर गाडी घोडीवर चढवलीत, तर पुढचा मोहरम ती घोडीवरूनच बघेल.

गाडी उचलली की माणसं जमतात. (नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये, बघ्यांपैकी कुणीही जॅकला पाय लावून उभा राहू शकतो.) त्यांतला एकजण हमखास म्हणतो, ‘‘गॅस लावा की दाजी, लोण्यागत निघंल.’’ त्याला चहा द्यावा, गॅस आणू देऊ नये. बुश म्हणजे बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी, मधे रबर. रबर पेटलं की घशात जाणारा काळा धूर होतो, पाटा तापला की पोलादाचं पाणी उतरतं, आणि पेट्रोलची टाकी मागेच असते.

आदल्या रात्री बुशाच्या कडांवर डिझेल सोडून झोपावं. सकाळी आटे पाडलेला जाड रॉड बुशातून आरपार घालावा. एका बाजूला बुशाच्या कडेवर टेकेल पण पाट्याच्या वेटोळ्यातून जाईल एवढी नळी, दुसऱ्या बाजूला अख्खा बुश पोटात घेईल एवढी रुंद. दोन्हीकडे जाड वायसर, नट, आट्यांना ग्रीस. मग पाना फिरवत राहावं. पहिला ‘टक्’ आवाज बुश हलल्याचा असतो. क्वचित रॉड तुटल्याचा.

तरीही हलला नाही, तर रबराला ड्रिलने भोकं पाडून आतली नळी ठोकून काढावी. आक्सा ब्लेड चौकटीतून सोडवून वेटोळ्यातून ओवावं, पुन्हा चौकटीत अडकवावं आणि बाहेरच्या नळीला आतून चीर द्यावी. नळी कापायची आहे, पाटा नाही. त्यामुळे शेवटचे चार घास सावकाश. या वेळी बघ्यांना दुसरा चहा पाठवावा. चिरलेली नळी बारीक छन्नीने आत दुमडली की मुकाट्याने बाहेर येते.

नवा बुश रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावा. लोखंड केसभरही आकसत नाही, पण तेवढंही कामाला येतं. पिशवीत बांधून ठेवावा आणि घरात आधी सांगावं. बसवताना रबराला ग्रीस नको, साबणाचं पाणी बरं. बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उतरवल्यावरच. अधांतरी आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

मग देवराष्ट्रेपर्यंत चक्कर टाकावी. उजवीकडचा आवाज गेला, की डावीकडचा स्वच्छ ऐकू येतो.